साहेबांच्या हातची पट्टी

"हा मळ निघतच नाहीये."

ती पोरगी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून माझ्या मायचं कपाळ घासत होती. एकदा घासलं. दोनदा घासलं. मग नाक मुरडून दुसरा बोळा घेतला अन् अजून जोर लावला. माय खाली सतरंजीवर, मान वर करून, डोळे मिटून बसलेली. कपाळ लाल व्हायला लागलं.

"मळ नाय वो बाई," माय म्हणाली. "गोंदण हाय त्ये. एवढीशी होते तवा गोंदलंय."

पोरगी खुदकन हसली. मागं वळून ओरडली, "मॅडम, हे गोंदण आहे म्हणे!"

खुर्च्यांवरच्या चार-दोन बाया हसल्या. मायसुद्धा हसली. तिला वाटलं, इथं असं हसायचं असतं.

मी तीन पावलांवर उभी होते. बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कोणी शूर बाई होते असं कोणाला वाटायला नको. माझ्या देखत माझ्या मायचं कपाळ भांडं घासल्यासारखं घासलं अन् मी गप उभी राहिले. उद्घाटनाला बोलावलेले साहेब येणार होते. साहेब ह्या लोकांच्या कपाळाला हात लावणार होते. म्हणून मॅडमनी सकाळीच फर्मान काढलं होतं, "सगळ्यांची कपाळं नीट पुसून घ्या. कुठून कुठून आलेत." सगळ्यांची म्हणजे सतरंजीवरच्यांची. खुर्च्यांवरच्यांची नाही.

मोतीबिंदूचं मोफत शिबिर होतं. आमच्या भागातल्या एका क्लबाचं. नाव घेत नाही. असे क्लब ह्या शहरात लई आहेत, अन् वर्षभर त्यांचं काही ना काही चालूच असतं. झाडं लावणं, वह्या वाटणं, ब्लँकेटं वाटणं. क्लबच्या अध्यक्षा म्हणजे आमच्या मॅडम. आमच्या म्हणजे, त्यांचीच शाळा आहे अन् त्या शाळेत मी बालवर्गाची मावशी होते. पोरांना शी-शूला नेणं, डबे उघडून देणं, कोणी ओकलं तर पुसणं. सहा वर्षं केलं. कागद नाही, ऑर्डर नाही. मॅडम ज्या दिवशी म्हणतील 'उद्यापासून येऊ नको', त्या दिवशी संपलं. नवऱ्यानं टाकल्यापासून मी अन् माय मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अलीकडं एका खोलीत राहतो. घरात कमावणारी मी एकटी. त्यामुळं मॅडमचा आवाज चढला की माझ्या पोटात गोळा यायचा. पुढ्यात कोणी का असेना, चुकी कोणाची का असेना, गोळा माझ्या पोटात.

मायचा उजवा डोळा पांढरा पडला होता. त्यातून तिला उजेड-अंधार तेवढा कळायचा. डावा मात्र चांगला होता. त्या डाव्यावर ती गोधड्या शिवायची, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची, तांदळातला खडा अजून माझ्याआधी तिला दिसायचा. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तुझ्या आईचं नाव घालतेय हं यादीत. लक्षात ठेव." मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

हे भ्या मला कोणी शिकवलं? लांब जायला नको. मी चौथीत असताना असाच एक क्लब आमच्या शाळेत स्वेटर वाटायला आला होता. निळे स्वेटर. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरात क्लबचं नाव. आम्हाला ओळीत उभं केलं अन् फोटोवाला म्हणाला, "वळा, तिकडं तोंड करा." आम्ही वळलो. नाव दिसायला पाहिजे ना! आमची तोंडं भिंतीकडं अन् पाठी फोटोत. मला वाटलं, आता परत वळा म्हणतील, मग हसायचं. मी हसू तयार ठेवलं होतं. कोणी वळायला सांगितलंच नाही. मी घरी येऊन रडले तर माय म्हणाली, "गप. देणाऱ्यापुढं रडू नाय. दिलेलं परत नेतील." तो धडा मी अजून विसरले नव्हते.

तर शिबिराचा दिवस. शाळेचा हॉल. पेशंट सगळे म्हातारे-म्हाताऱ्या. कोणी आमच्या वस्तीतले, कोणी सिल्लोडकडच्या खेड्यांतून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलेले. शुगर बघायची म्हणून सगळ्यांना उपाशी यायला सांगितलेलं. साहेब दहाला येणार होते, ते बाराला आले. तोवर शुगर बघून झाली, तरी कोणाला चहाचा घोट दिला नाही. शेजारच्या खोलीत क्लबची मंडळी पोहे खात होती. वास हॉलभर. सिल्लोडकडचे एक चाचा होते, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. ते मला हळूच म्हणाले, "बेटी, कितना टाइम है?" मी म्हटलं, "आतेच होंगे चाचा." दुसरं काय सांगणार?

आता पट्टीचं सांगते, कारण सगळं तिच्यापायी झालं. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या डोळ्याच्या वर कपाळाला पांढरी चिकटपट्टी लावतात. पुढं ड्रॉप टाकणारा, सुई देणारा, कोणी चुकायला नको म्हणून. हे नर्सचं काम. आधीच्या आठवड्यात तपासणी होऊन फायली झाल्या होत्या. मायच्या फायलीवर 'उजवा डोळा' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. पण मॅडमना कल्पना सुचली. "दिवा काय सगळेच लावतात," त्या म्हणाल्या. "आपण दृष्टी देतोय ना? मग पट्टीनंच उद्घाटन करू. साहेबांच्या हस्ते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाई कोपऱ्यात उभी होती, ती काही बोलली नाही. तिचीही नोकरीच असणार.

अन् पट्ट्यांचं ताट माझ्या हातात दिलं. नवं स्टीलचं ताट, त्याच्या काठाला कापलेल्या पट्ट्या चिकटवलेल्या. मी साहेबांच्या बाजूला उभी. मॅडम यादीतून नाव वाचायच्या, डोळा वाचायच्या, "उजवा" किंवा "डावा". साहेब ताटातून पट्टी उचलायचे, वाकायचे, लावायचे. फोटो. पुढचा.

पहिले चाचा. "डावा," मॅडम म्हणाल्या. साहेबांनी आपल्या डाव्या बाजूला येणाऱ्या डोळ्यावर पट्टी लावली. फोटो. टाळ्या. दुसरी एक म्हातारी. फोटो. तिसरा. मी ताट धरून. माझं लक्ष ताट हलू नये इकडंच.

मग माय. "उजवा," मॅडम म्हणाल्या. साहेब वाकले. समोर उभा असलेला माणूस. त्याचा उजवा हात कुठं येतो? समोरच्याच्या डाव्या बाजूला. हे मला कोणी शिकवायला नको होतं. बालवर्गात पोरांना कवायत शिकवताना मी समोर उभी राहायची, 'उजवा हात वर' म्हणायची अन् स्वतःचा डावा वर करायची. सहा वर्षं रोज हेच केलंय. साहेबांना ते कुठलं ठाऊक? त्यांनी आपल्या उजव्या बाजूला पट्टी लावली. मायच्या डाव्या डोळ्यावर. चांगल्या डोळ्यावर.

मी मागं बघितलं. चाचांची पट्टी. त्या म्हातारीची पट्टी. सगळ्या उलट्या. एकूण एक.

मी तोंड उघडलं. शप्पथ सांगते, उघडलं. "मॅडम, डोळा..." एवढंच आलं.

"फोटोत मधे येऊ नकोस," मॅडम दातातल्या दातात म्हणाल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा."

अन् मी झाले बाजूला. पुढच्या प्रत्येकासाठी ताट पुढं केलं. प्रत्येक चुकीची पट्टी माझ्या ताटातून गेली. कोणी मला विचारलं, तुला त्या वेळी काय वाटत होतं, तर मी सांगीन: नोकरी. मायचा डोळा नाही. नोकरी. पुढच्या महिन्याचं भाडं. लाज वाटते सांगायला, पण खरं हेच आहे.

साहेब भाषण करून गेले. लगेच ती कपाळ घासणारी पोरगी ड्रॉपची बाटली घेऊन फिरायला लागली. पट्टी बघायची अन् त्या डोळ्यात थेंब टाकायची. दर थोड्या वेळानं एक फेरी. त्या थेंबांनी डोळ्याची बाहुली मोठी होते अन् जवळचं काही दिसेनासं होतं. मायच्या चांगल्या डोळ्यात दोनदा, तीनदा थेंब पडले. मी बघत होते.

सगळ्यांना ऑपरेशनला दवाखान्यात नेणाऱ्या बसमध्ये मी मायच्या शेजारी बसले. बस जालना रोडला लागली तशी तिनं हात पुढं करून हवेत चाचपडल्यासारखं केलं.

"पोरी, कुठंयस तू?"

मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

"इथंच हाय माय."

"दोन्हीकडं धुकंच दिसतंय गं. तुझं तोंड दिसंना."

तेव्हा मला खरं भ्या वाटलं. त्याआधीचं सगळं नोकरीचं होतं. हे वेगळं. मला पुढचं सगळं दिसलं. माय खोलीत बसलेली, उजवा पांढरा अन् डावा बिघडलेला, भिंत धरून मोरीकडं जाणारी. अन् मी बालवर्गातल्या पोरांना उजवा-डावा शिकवत असलेली.

मी तिच्या कानाशी लागले. "माय, पट्टी चुकीच्या डोळ्यावर हाय. तुला कळलं व्हतं का?"

ती म्हणाली, "कळलं की. मला काय माजा डोळा ठाव नाय?"

"मग बोलली का नाय?"

"मोठी मानसं हायती. उगाच लावली असंल का?" अन् मग अगदी हळू, "अन् म्या बोलले अन् त्या बाईनं तुला कामावरून काडलं तर? माजं काय, आयुष्य सरत आलं. तुला अजून लई दिवस काडायचेत."

बाई गं! मी माझ्या नोकरीसाठी तिचा डोळा देऊन बसले होते, अन् तीपण माझ्या नोकरीसाठी तिचा डोळा देऊन बसली होती. दोघींनी मिळून एकमेकींना न विचारता सौदा करून टाकला होता. अन् घेणाऱ्याला पत्ताही नव्हता की त्यानं काय घेतलंय.

दवाखान्यात आम्हाला एका लांबलचक बाकावर बसवलं. सगळ्यांना हिरवे डगले, डोक्याला हिरव्या टोप्या. चाचांना आधी बोलावणार होते, पण त्यांची फाईल वर-खाली झाली अन् मायचं नाव आलं. एक वॉर्डबॉय आला, तिच्या दंडाला धरून उठवायला लागला. "चला आजी, आधी सुई."

आवाज नव्हता. मग मी हातच पुढं केला. मायच्या कपाळावरची पट्टी धरली अन् ओढली. भुवईचे दोन केस निघून आले तिच्यासोबत. माय कळवळली.

"ए बाई, हे काय करते?" वॉर्डबॉय ओरडला.

अन् तेव्हा माझा आवाज आला. कुठून आला कोणास ठाऊक, फाटका, रडका, पण मोठा. "फाईल वाचा! आधी फाईल वाचा! माझ्या मायचा उजवा डोळा हाय! डावा चांगला हाय तिचा! हात लावायचा नाय डाव्याला!"

आतून डॉक्टर आले, तरुण होते, मास्क खाली केलेला. फाईल घेतली. वाचली. परत वाचली. मग मायच्या पुढ्यात उकिडवे बसले. त्या दिवशी सकाळपासून तिच्या उंचीला येऊन बोलणारं ते पहिलं माणूस.

"आजी, कोणत्या डोळ्यानं दिसत नाही?"

मायनं हात उचलला अन् उजव्या डोळ्यावर ठेवला.

तोच बाकावरून चाचा उठले. "डाक्टर साब, मेरा बी ये नै, ये है. मेरकू लगा, तुम लोगां को मालूम होयंगा."

मग एक म्हातारी. मग अजून एक. बाकावर ओळीनं हात उठत गेले, पट्टी ह्या डोळ्यावर अन् हात त्या डोळ्यावर. सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येकाला आपला आंधळा डोळा कोणता ते ठाऊक होतं. अन् प्रत्येक जण गप बसला होता, कारण पट्टी साहेबांनी लावली होती. आम्ही आमच्या डोळ्यापेक्षा त्यांच्या हातावर भरवसा ठेवला.

डॉक्टर उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "आम्ही आत परत तपासतोच, बाई." तपासतही असतील. मला माहीत नाही. मी ते बघायला थांबणार नव्हते. चुकीच्या डोळ्यांत ड्रॉप गेलेले म्हणून त्यांनी त्या दिवसाची सगळी ऑपरेशनं पुढं ढकलली.

मग काय झालं असेल? लोकांनी मला खांद्यावर घेतलं असेल? छे! खेड्यावरून आलेली एक म्हातारी माझ्यावरच उसळली. "तुज्यापायी आमचं हुकलं! धर्माची गाय अन् दात का नाय म्हनती ही! आता परत जीपचं भाडं कोन देणार, तुजा बाप?" ती सकाळपासून उपाशी होती. तिचा राग खरा होता, फक्त चुकीच्या माणसावर निघाला.

तासाभरात मॅडमची गाडी आली. त्यांनी मला जिन्याखाली नेलं.

"अक्कल आहे का तुला? एवढा तमाशा? डॉक्टर आत बघतातच ना सगळं. क्लबचं नाव घालवलंस. फुकटचं मिळतं ना, म्हणून माज येतो तुम्हा लोकांना."

तुम्हा लोकांना. हे दोन शब्द मी आयुष्यभर ऐकत आलेय. म्हणणारा कधी सांगत नाही कोणते लोक, अन् ऐकणाऱ्याला कधी विचारावं लागत नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. दात वाजत होते. उन्हाळ्याचे दिवस अन् माझे दात वाजत होते.

सोमवारी शाळेत गेले. प्रार्थना झाल्यावर केबिनमध्ये बोलावणं आलं. वाटलं, आता 'येऊ नको' म्हणतील. पण मॅडम गोड बोलल्या. टेबलावर मोबाइल स्टँडला लावून ठेवलेला. "बस. झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "एक छोटा व्हिडिओ करायचाय. क्लबच्या वरच्या ऑफिसला पाठवायचाय. तू फक्त एवढंच म्हण, क्लबमुळे माझ्या आईच्या डोळ्याची काळजी घेतली गेली, मी आभारी आहे. बाकी मी सांभाळते. तुझं इथलं पक्कं करायचं पण माझ्या मनात आहे."

पक्कं. सहा वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली, तो शब्द टेबलावर ठेवला होता. मोबाइलचा बारीक लाल ठिपका लागला. मॅडम म्हणाल्या, "हं, बोल."

मला मुतायला जावंसं वाटलं, खरंच सांगते. बालवर्गातली पोरं घाबरली की मांडी आवळून बसतात, तशी मी बसले होते.

"मॅडम," मी म्हटलं, "तुमच्या साहेबांनी पट्टी उलटी लावली होती. मी ताट धरलं होतं. एवढं बोलू का?"

त्यांनी मोबाइल बंद केला. "उद्यापासून येऊ नको."

झालं. ज्या वाक्याला सहा वर्षं भीत होते, ते आलं अन् मी खुर्चीवरून उठले. पाय होते जागेवर. बाहेर पडले तर आकाश कोसळलं नव्हतं. पण सुटल्यासारखंही वाटलं नाही. घरी येऊन मी दार लावून लई रडले, अन् मायनं ह्या वेळी गप म्हटलं नाही.

आता मी एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. पाठ मोडते. मायचा उजवा डोळा सरकारी दवाखान्यात झाला, रांगा लावून, तीन खेपा मारून. तिथं पट्टी लावायला नर्स आली तेव्हा माय आपणहून म्हणाली, "हा डोळा. माजा हा डोळा हाय." नर्स म्हणाली, "हो आजी, कळलं." माय परत म्हणाली. नर्स वैतागली. माय तिसऱ्यांदा म्हणाली.

परवा चौकात बोर्ड लागलाय. भव्य मोफत नेत्र शिबिर. तोच क्लब, तोच हॉल, साहेब मात्र नवे. मी मेसमधून त्या दिवसाची सुट्टी मागितलीय. जाणार आहे. गेटावर उभी राहणार आहे, सकाळी, जीपा यायच्या आधी. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला अन् म्हातारीला थांबवून विचारणार: बाबा, कोणत्या डोळ्यानं दिसत नाही? हात लावून दाखवा. आता तोंडानं सांगा. मोठ्यानं. अजून मोठ्यानं. आत कोणीही काही लावलं, कितीही मोठ्या माणसानं लावलं, तरी हेच सांगायचं.

मला हाकलतील. वॉचमन ओळखीचा आहे, तरी हाकलेल. मॅडम पोलिसात देते म्हणतील. भ्या वाटतं का? व्हय, वाटतं. आत्ता हे सांगतानाही पोटात गोळा आलाय. तो जाणार नाही, हे मला कळून चुकलंय. म्हणून एवढंच ठरवलंय: भ्यायचं ते बोलून झाल्यावर भ्यायचं. आधी नाही.